निपाणीचं 'म्हनं'

निपाणीला जाऊन आले म्हटलं की आमच्या कॉलेजातले प्राध्यापक पहिल्यांदा विचारतात, "तंबाखू आणलीत का?" तंबाखू आणली नाही. शिंका मात्र पोटभर देऊन आले. आणि गेले होते ती तंबाखूसाठी नव्हेच, एका शब्दासाठी.

माझा धंदा भाषाशास्त्राचा. त्यातही वाक्याला अर्थ कुठून येतो, आणि बोलणारा जे बोलतच नाही ते ऐकणाऱ्याला कसं कळतं, हे शोधायचं. घरी आई याला 'रिकामटेकडेपणाची पीएचडी' म्हणते. प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी 'म्हणे' या शब्दावर लिहिलं होतं. 'तो आला म्हणे' असं कुणी म्हटलं, तर बोलणाऱ्याने त्याला येताना पाहिलेलं नसतं. कानावर आलं ते तो पुढे सरकवतो आणि हात झटकतो. म्हणून माझा नियम असा होता, की जे स्वतः डोळ्यांनी पाहिलं त्याला 'म्हणे' लागत नाही. मार्गदर्शक सरांनी प्रकरण वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "नियम छान आहे. पण सगळा पुरावा सदाशिव पेठेतला. जरा नदी ओलांडा."

मी दोन-तीन नद्या ओलांडल्या. निपाणीचे यशवंत गुरुजी मला पुण्यातल्या शिक्षकांच्या शिबिरात भेटले होते. माझ्या व्याख्यानात शेवटपर्यंत जागे राहिलेले ते एकटेच, म्हणून लक्षात होते. त्यांना पत्र टाकलं तर उलट टपाली उत्तर आलं : "आमच्याकडे 'म्हनं' पोत्यानं मिळेल. घरीच उतरा. वैशाखात भाचीचं लग्न आहे, त्याआधी या म्हणजे निवांत बोलता येईल."

सोमवार, निपाणी

कागल मागे पडलं तशी पाट्यांवरची अक्षरं गोल झाली. भाषा बदलेल म्हणून मी कान टवकारून बसले होते, पण कंडक्टर शेजारणीशी कानडीत बोलला आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाला, "लई लांबनं आलासा न्हवं? पाय पसरा की जरा." ही सवय पुढे आठवडाभर पाहिली. एकच माणूस एकाच दमात दोन भाषांत बोलतो आणि आपण काही विशेष केलं असं त्याच्या तोंडावर दिसत नाही. आमच्याकडे एक इंग्रजी वाक्य बोललं तरी माणूस आजूबाजूला बघतो.

निपाणीत उतरले आणि शिंका सुरू झाल्या. हवेतच तंबाखू. एक, दोन, पाच, आठ. टेपरेकॉर्डरची पिशवी छातीशी धरून मी स्टँडवर शिंकत उभी. टोपली घेऊन चाललेली एक बाई थांबली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "दोन दिसांत नाक मरतंय बघा. मग काय न्हाय." हा दिलासा मला फारसा पटला नाही, पण तिचं बरोबर निघालं.

गुरुजींचं घर तीन खोल्यांचं, स्वच्छ सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांचं फडताळ. गुरुजींची बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. घरात गुरुजी, त्यांची थोरली बहीण सोनाबाई आणि सोनाबाईंची मुलगी सुजाता. लग्न या सुजाताचंच. सोनाबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. आक्का तंबाखूच्या वखारीत पानं निवडायच्या. बोटं तपकिरी झालेली, आवाज खणखणीत, हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू.

ताट वाढताना त्या जरा थांबल्या. "आमच्यात चालतंय न्हवं तुमास्नी?"

"तिखट झेपलं तर चालतंय," मी म्हटलं.

ते झेपलं नाही. हिरव्या मिरचीच्या खर्ड्याचा पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते पाहून सुजाताने पळत जाऊन गुळाचा खडा आणला. आक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या. "पुन्याच्या मिरचीत साकर घालत्यात म्हनं," त्या म्हणाल्या. मी रडत रडत वही ओढली. आल्याबरोबर पहिलाच 'म्हनं' मिळाला होता!

त्या आनंदात मी नको ते विचारलं. बांगड्या-कुंकू दिसतच होतं, म्हणून सहज म्हटलं, "आक्का, मालक कुठं असतात?"

"मालक व्हय? गेल्यात म्हनं."

"मग लग्नाच्या आधी येतील ना?"

सुजाताने तांब्या उचलून पुन्हा तिथेच ठेवला. गुरुजी म्हणाले, "बाई, भात घ्या."

हात धुताना परसात सुजाताने सांगितलं. वडील तंबाखूच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. नऊ वर्षांपूर्वी भर पावसात कोकणातल्या एका नदीत ट्रक गेला. मामा तिकडे जाऊन आठ दिवस राहिले. "कुनीच घावलं न्हाय म्हनं," ती म्हणाली. या वेळी मी वही काढली नाही.

मंगळवार, बुधवार, निपाणीच

दोन दिवस मी गल्लीत बसून 'म्हनं' वेचले. गुरुजींनी पोत्याचा हिशेब खरा सांगितला होता. पाऊस यंदा लवकर म्हनं. तलाठ्याची बदली झाली म्हनं. पुण्यात आम्ही हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला टाकून माणसाला टोमणाही मारतो, "म्हणे मला सगळं येतं!" इथे त्याची जागा शेवटी, आणि सूरही हलका. पलीकडच्या घरातली गंगव्वा कानडी. म्हशीच्या धारा काढताना तिच्याशी बोलले तर तिच्या भाषेतही क्रियापदाच्या शेपटीला 'अंते' लागलेलं, तेच काम करणारं. टेपवर तिचं बोलणं थोडं, म्हशीचं जरा जास्त आणि माझ्या शिंका सगळ्यांत जास्त आल्या आहेत.

पण एक गोष्ट मला खटकू लागली. आक्कांच्या मालकांचा, धोंडीरामांचा, विषय निघाला की प्रत्येक जण वाक्याला 'म्हनं' लावायचा. सुजाता लावते, ठीक आहे, ती तेव्हा दहा वर्षांची. गंगव्वासुद्धा चुकत नव्हती. एरवी मराठीत बोलणारी ती बाई हळूच कानडीत म्हणाली, "होदरंते." गेले म्हणतात. जणू सगळ्या गल्लीने मिळून त्या एका वाक्याला पांघरूण घातलं होतं.

बुधवारी संध्याकाळी आक्का भाकऱ्या करायला बसल्या आणि मी समोर टेप लावून बसले. आमच्या धंद्यात एक रीत आहे. एक वाक्य शब्दासकट म्हणायचं, मग तो शब्द काढून म्हणायचं, आणि दोन्हींत फरक काय पडतो ते बोलणाऱ्यालाच विचारायचं. आक्कांना हा खेळ फार आवडला.

"गंगव्वाची म्हस व्याली म्हनं," मी.

"कुनीतरी सांगटलं."

"गंगव्वाची म्हस व्याली."

"मी सोता बगून आले. खरवस बी खाल्ला!" आक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो.

अशी दहा-बारा वाक्यं झाली. माझी गाडी घसरणीला लागली होती. वहीतलं पुढचं वाक्य सोमवारचं होतं, आणि माझ्या तोंडून गेलं, "आता 'मालक गेल्यात म्हनं', यातला 'म्हनं' काढून म्हणा बघू."

आक्कांचा हात पिठावर तसाच थांबला. चुलीवरच्या भाकरीचा वास बदलला. मग त्या हळूच म्हणाल्या, "करपंल," आणि तव्याकडे वळल्या. टेपची फीत फिरतच राहिली.

शिकलेल्या माणसाला अक्कल असतेच असं नाही, ही म्हण कुणी केली नसेल तर मी करते. मी त्या बाईकडे एक शब्द मागत नव्हते, तिचा नवरा मागत होते. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटल्याचं आठवत नाही. ताटावर बसले, पण भाकरी नुसती कुस्करत राहिले. आक्कांनीच भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाल्या, "जेवा की. तुमी काय वंगाळ न्हाय बोललासा."

गुरुवार, संकेश्वर

गुरुजींना लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर ठरवायला व्याह्यांकडे जायचं होतं, त्यांनी मलाही चला म्हटलं. तवंदीचा घाट उतरून एस.टी. उसाच्या रानात शिरली. संकेश्वरच्या बाजारात मिरच्यांचे लाल ढीग इतके, की मी नाकाला पदर लावूनच खाली उतरले. मुलगा साखर कारखान्यात कारकून, त्याचे वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, स्वभावाने अगदी मऊ. पोहे झाले, चहा झाला, आणि मग आप्पा खाली बघत म्हणाले, "गुरुजी, पोरीच्या वडलांचं नाव कसं घालायचं त्ये तुमी ठरवा. आमचं काय म्हननं न्हाय. पर कागुद चार गावांत जातोय. नावाआधी 'कालकथित' घालायचं का न्हाय, एवढं शनवारी छापायच्या आत ठरू दे."

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कै.' लिहितात. या घरांतून 'कालकथित' लिहितात. गुरुजी नुसते "बरं" म्हणाले.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडसमोर उसाच्या रसाचा गाडा होता, तिथे बसलो. गुरुजींनी पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"बाई, काल तुम्ही आक्काला 'म्हनं' काढायला सांगितलंत."

मी माफी मागू लागले. त्यांनी मान हलवली.

"तुम्ही चुकीच्या माणसाला सांगितलंत. ते मला सांगायला पाहिजे होतं. मी बघितलंय."

"काय?"

"दाजींना. सहाव्या दिवशी दोन कोस खाली घावले. कमरेचा पट्टा मीच आणून दिलेला, त्यावरनं ओळखलं. तिथंच नदीकाठी दोन गाववाले घेऊन सगळं उरकलं." चरकातून ऊस कडकडत जात होता, त्यात त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "घरी आलो तर आक्का दारात बसलेली. सुजाता मांडीवर, तापानं फणफणलेली. मी सांगायलाच आलो होतो हो. 'दाजी गेल्यात' एवढं बोललो, आणि आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की जिभेनं आपसूक पुढं 'म्हनं' लावलं. म्हटलं, पोरीचा ताप उतरू दे, उद्या सांगू. नऊ वर्षं झाली. रोज पोरांच्या वह्यांतल्या चुका खोडतो, बाई. हा एक शब्द मला खोडता आला नाही."

ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याला 'म्हणे' लागत नाही, हा माझा नियम त्या रसाच्या गाड्यावर आडवा पडला होता. मला त्याचं काडीचंही वाटलं नाही. समोरचा माणूस रडू नये म्हणून पेल्यात बघत होता आणि मला वाटलं, याच्या डोक्यावरून आईसारखा हात फिरवावा.

"तुम्ही अर्थाच्या जाणकार," ते म्हणाले. "असं काहीतरी लिहून द्या, की खोटंही होणार नाही आणि आक्काला लागणारही नाही."

शुक्रवार, निपाणी

दिवसभर मी तेवढंच काम केलं. शेवटी लिहिलं : 'धोंडीराम आणि सोनाबाई यांची कन्या सुजाता', आणि निमंत्रक म्हणून मामाचं नाव. मला माझाच अभिमान वाटला. कुणाची कन्या असायला बाप हयात असावा लागत नाही, आणि नसावाही लागत नाही. दोन्हीकडून वाक्य खरं. आमच्या शास्त्राचा जन्मात पहिल्यांदा कुणाला उपयोग होणार होता.

आक्का वखारीतून आल्या, आंघोळ करून चुलीपाशी बसल्या. गुरुजी शाळेतून यायचे होते, सुजाता पाण्याला गेली होती. मी मजकूर वाचून दाखवला.

"झ्याक लिव्हलासा," आक्का म्हणाल्या. "पर मालकांच्या नावाम्होरं एक सबूद ऱ्हायला."

"कुठला?"

"कालकथित."

मी कागद धरून तशीच बसले. त्यांनी परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं आणि मळायला लागल्या.

"माजा भाऊ लहानपनापासनं लबाड बोलला न्हाय, बाई. त्यो सोता नदीवर गेलता. आठ दिस ऱ्हायलाता. आन येऊन मला 'म्हनं' सांगतोय? जो सोता बगून आलाय त्यो म्हनं कशाला म्हनंल? त्येनं त्यो सबूद लावला, आन मला तितंच कळलं, ह्यो बगून आलाय, पर सांगाय धजंना."

माझं तिसरं प्रकरण! सत्तर पानं, चार वर्षं, आणि या बाईने तेच परातीत पीठ मळता मळता सांगून टाकलं. नियम आडवा पडला नव्हता. तो नऊ वर्षांपूर्वीच एका दारात लागू पडला होता, आणि मला त्याचा पत्ता आत्ता लागत होता.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्येचं त्वांड बगितलं असतंसा तर तुमी बी बोलला नसतासा. माज्यापायी त्येनं एवढं वज्जं उचलल्यालं. मी 'ठावं हाय' म्हटलं असतं तर त्येला वाटलं असतं, आपलं सगळं वाया गेलं. म्हनून मी बी म्हनं म्हनत ऱ्हायले. बांगड्या बी तशाच ठिवल्या." त्यांनी मनगट वर करून पाहिलं. "आधी त्येच्यासाटनं ठिवल्या. मग सवय झाली."

माझे डोळे भरले आणि या वेळी खर्ड्याचा काही संबंध नव्हता.

"मग आता का, आक्का?"

"पोरीचं लगीन हाय. पत्रिकंवर म्हनं छापत न्हाईत." भाकरी तव्यावर पडली. "तुमी त्येला काय सांगू नका. समोर बसून मला सांगाय यायचं न्हाय, त्येला ऐकाय यायचं न्हाय. उद्या कागुद त्येच्या हातात द्या. मास्तर हाय, वाचंल."

मी माझ्या हुशार वाक्यात, धोंडीरामांच्या आधी, तो शब्द लिहिला. अक्षर जरा वाकडं आलं.

शनिवार, बेळगाव आणि परत

छापखाना बेळगावात, गुरुजींच्या एका जुन्या मित्राचा. कॅम्पातली झाडं, खडेबाजारातली गर्दी, एकाच दुकानाच्या पाटीवर तीन लिप्या, हे सगळं मी पाहिलं असणार, कारण वहीत लिहिलेलं आहे. आठवत मात्र काही नाही. पिशवीतल्या कागदाशिवाय माझं कशातच लक्ष नव्हतं.

छापखान्यात शाईचा आणि रॉकेलचा वास. खिळे जुळवणारा मित्र गोल चष्मा लावून बसलेला. "वाच यशवंता, म्हंजे जुळवतो," तो म्हणाला. मी कागद गुरुजींच्या हातात दिला. ते वर्गात धडा वाचावा तसे स्वच्छ वाचू लागले. मंगल परिणयाचं वाचलं, मुलाचं नाव वाचलं, आणि मग आवाज थांबला.

मित्राने खिळ्यांच्या खणातून मान वर केली. "फुडं?"

गुरुजी माझ्याकडे वळले. "हे तुम्ही घातलंत?"

"आक्कांनी सांगितलं."

ते बाजूच्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, तसाच हातात धरून राहिले. मग विचारलं, "तिला कधीपासून...?"

मी तिथे नव्हते. त्या दारात, त्या दिवशी, मी काही पाहिलं नव्हतं. कानावर आलं तेच पुढे देत होते.

"पहिल्या दिवसापासनं, म्हनं," मी म्हणाले.

गुरुजी आधी हसले आणि मग रडले. मित्राने काही न विचारता खिळ्यांचा चिमटा खाली ठेवला आणि चहा सांगायला बाहेर गेला. चहा पिऊन झाल्यावर गुरुजींनी उभं राहून मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला. एकही शब्द गाळला नाही.

बाजारातून त्यांनी पावशेर कुंदा घेतला. दुधाचा इतका आटीव पदार्थ मी आधी खाल्ला नव्हता, पण गाडीत पुडा उघडायचं दोघांनाही सुचलं नाही. घाटात गाडी पाण्यासाठी थांबली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नऊ वर्षं, बाई. ती मला सांभाळत होती."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सुजाता गंगव्वाकडे गेली होती. माझा टेपरेकॉर्डर फडताळावर बंद होता, तो मी बंदच राहू दिला. आक्का चुलीपाशी होत्या. मागे न वळताच त्यांनी विचारलं, "कागुद दिलासा?"

"दिला," गुरुजी म्हणाले.

"नीट वाचलास?"

"वाचला."

ते उंबऱ्यातच उभे होते. कुंद्याचा पुडा हातात तसाच.

"आक्का," ते म्हणाले, "दाजी गेल्यात."

मी वाट पाहिली. पुढे काही आलं नाही. वाक्य तिथेच संपलं होतं.

"व्हय रं," आक्का म्हणाल्या. तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली, चुलीच्या तोंडाशी उभी केली, आणि मग मागे वळून भावाकडे पाहिलं. "हात धू. दमला असशील."